भंगारवाला जे नेत नाही

कचऱ्यावर भाषण आहे म्हटले की ऐकणारा मनातल्या मनात म्हणतो, झाले, आता हे गृहस्थ आपल्या हाती झाडू देणार. तसे काही मी करणार नाही. पहाटे उठून अंगण झाडून सडा टाकणाऱ्या बाईला स्वच्छता शिकवायला जावे, इतका मी धीट नाही. मला बोलायचे आहे ते झाडून झाल्यानंतरच्या गोष्टीवर. सुपलीत भरलेला केर पुढे जातो कुठे? आणि ‘गाडीत टाका, त्याचे पुन्हा काहीतरी नवे बनते’ असे जे आपण हल्ली ऐकतो, शाळेतल्या मुलांकडून भिंतीवर रंगवूनही घेतो, त्यात खरे किती?

पूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. घरामागे नाहीतर गावकुसाला उकिरडा असायचा. गोठ्यातले शेण, गुरांनी टाकलेली वैरण, चुलीतली राख, भाजीची देठे, पालापाचोळा, सगळे त्यावर पडायचे. उन्हाळ्यात ते गाड्या भरभरून शेतात जायचे आणि मृगाच्या आधी मातीत मिसळायचे. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपली म्हण आहे. प्रत्यक्षात तो दरवर्षी वैशाखात फिटत असे. शहरातली माणसे ‘उकिरडा’ हा शब्द शिवीसारखा वापरतात; शेतकऱ्याच्या लेखी ते खताचे कोठार होते.

आज त्याच उकिरड्यावर जाऊन पाहा. खत उपसायला फावडे घातले की पहिल्यांदा काय वर येते? तंबाखूची पुडी, शांपूची पुडी, चिवड्याचे चकचकीत पाकीट, दुधाची पिशवी, तुटकी चप्पल. खताबरोबर हे सगळे शेतात जाते. खत विरते, पाकीट तसेच राहते. पुढच्या वर्षी त्यात भर पडते. कुळवाच्या पासेला चिंध्यांसारखे गुंडाळून येते ते हेच. गुरांची गोष्ट तर आणखी वाईट. शिळे अन्न पिशवीत घालून, वर गाठ मारून आपण टाकतो. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. अन्न पचते, पिशवी कोठीपोटात राहते. जनावर खाईनासे होते, फुगते. मग डॉक्टर पोट फाडून किलोकिलोने प्लॅस्टिक बाहेर काढतात. ज्याच्या दावणीला असे जनावर गेले आहे, त्याला ह्या विषयाचे महत्त्व मी सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, ह्याला उपाय आहे. वेगवेगळे करा आणि भंगारवाल्याला द्या. चांगला उपाय आहे, द्यावेच. पण एकदा भंगारवाला दारात आला की त्याच्यापाशी पाच मिनिटे उभे राहा आणि तो काय घेतो, काय घेत नाही, ते नीट पाहा. लोखंड घेतो. तांबे-पितळ तर हसत घेतो. अ‍ॅल्युमिनियमचे फुटके पातेले घेतो. रद्दी, पुठ्ठा, फुटकी बादली, तेलाचा डबा, पाण्याच्या बाटल्या घेतो. मग तुम्ही पाकिटांची पिशवी पुढे करता. तो आत डोकावतो आणि म्हणतो, “ताई, ह्याला भाव नाही.” थर्माकोलची ताटली, तेलाने भिजलेला कागद, टूथपेस्टची रिकामी नळी, पातळ पिशव्या, कशालाच भाव नाही. माझ्या मते ह्या विषयातला इतका खरे बोलणारा तज्ज्ञ दुसरा सापडायचा नाही. फलकावर काहीही लिहिलेले असो, त्याचा तराजू खोटे बोलत नाही. तो जे नेतो त्याचे पुढे काही होते. तो जे नेत नाही, तो कचरा.

मग भाव एकाला का आणि दुसऱ्याला का नाही? इथे थोडे खोलात गेले पाहिजे.

सोन्यापासून सुरुवात करू. आजीच्या पाटल्या आटवून नातीचे गोठ केले तर सोनार थोडी घट धरतो, पण सोने सोनेच राहते. दहा पिढ्या आटवा, त्याचा कस कमी होत नाही. तांबे, पितळ, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम ही सगळी धातूची मंडळी ह्याच कुळातली. अ‍ॅल्युमिनियम नव्याने करायचे तर आधी बॉक्साइट खणा, त्यातून अ‍ॅल्युमिना काढा, मग त्यात प्रचंड वीज ओता. तेच जुने पातेले वितळवून केले तर जवळजवळ विसाव्या हिश्श्याइतक्या ऊर्जेत काम भागते. म्हणून मोडीला भाव. तांबट आळीत मोड घेऊन नवे भांडे देण्याची आपली चाल होती, ती ह्याच हिशेबावर उभी होती. काचेचेही तसेच आहे. काच कितीही वेळा वितळवा, ती काचच राहते. मात्र ती जड आणि फुटणारी, म्हणून आडगावाहून वाहून नेणे भंगारवाल्याला परवडत नाही. वस्तू परत होण्यासारखी असणे एक आणि ती परत नेणे परवडणे दुसरे, हे इथे लक्षात ठेवा.

कागद ह्या कुळातला नाही. कागद म्हणजे लाकडाचे किंवा गवताचे बारीक तंतू. रद्दीचा लगदा करताना ते तंतू दर खेपेला थोडे तुटतात, आखूड होतात. पाच-सात खेपांनंतर त्यांना एकमेकांत अडकून राहण्याइतकी लांबी उरत नाही. वहीचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा अधिक हलका पुठ्ठा होतो आणि शेवटी मातीच. त्याबद्दल तक्रार नाही, माती होणे हा काही वाईट शेवट नव्हे. पण वडापाव बांधलेला तेलकट कागद लगद्यात चालत नाही, हे मुलांना सांगावे.

आणि प्लॅस्टिक? घरातल्या बायका एका वाक्यात समजतील अशी ही गोष्ट आहे. शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो. फोडणी दिली की छान लागतो. पण त्या कुस्कऱ्याची पुन्हा भाकरी थापता येत नाही. कुस्कराही उरला तर तो म्हशीच्या पाटीत. प्लॅस्टिकचे बहुतेक वेळा असेच चालते, भाकरीचा कुस्करा, कुस्कऱ्याचे आंबोण. पाण्याच्या बाटल्यांपैकी थोड्या आता पुन्हा बाटल्या होऊ लागल्या आहेत. बहुतेकींचा धागा होतो. त्या धाग्याचे कापड होते, उशीचे भरण होते. ती उशी फाटली की तिला पुढचा जन्म नाही. रंगीत बादल्या, डबे, खुर्च्या एकत्र वितळवल्या की सगळे रंग मिसळून काळपट होते. बांधकामावरचे प्लॅस्टिकचे घमेले नेहमी काळेच का असते, ह्याचे उत्तर बहुधा ह्यातच आहे. शिवाय दर खेपेच्या उष्णतेने त्यातल्या लांब साखळ्या तुटतात आणि माल ठिसूळ होतो. घमेले फुटले की त्याचे काय करायचे, हा प्रश्न बादलीच्या वेळी होता तसाच पुन्हा समोर येतो. वाटेत दोन थांबे वाढले, मुक्काम तोच.

बरे, प्लॅस्टिक हे एक नाही, अनेक आहेत. गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. खर्च काही नाही. पाण्याची रिकामी बाटली घ्या. तिच्या अंगाचे आणि झाकणाचे नखाएवढे तुकडे कापा. एका भांड्यात पाणी घेऊन त्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. आता दोन्ही तुकडे बुडवून सोडा. झाकणाचा तुकडा वर येईल, बाटलीचा तळाला जाईल. एकाच वस्तूची ही दोन अंगे, पण प्लॅस्टिके दोन. दुधाच्या पिशवीचा तुकडा तरंगेल, पाण्याच्या पाइपाचा पीव्हीसी तुकडा बुडेल. कारखान्यातही हे प्रकार वेगळे करायला अशाच पाण्याच्या टाक्या वापरतात. वेगळे का करावे लागतात? पिशवीचे प्लॅस्टिक साधारण ११० ते १३० अंशांवर वितळते, बाटलीच्या अंगाला २५० अंश लागतात. एकासाठी कढई तापवावी तर दुसरे करपते. दोन्ही वितळली तरी तेल-पाण्यासारखी अलग राहतात, एकजीव होत नाहीत. पीव्हीसी तर त्या उष्णतेला आम्लाचा वायू सोडते आणि बाटल्यांच्या ढिगात त्याचे थोडे तुकडे शिरले तरी सगळा घाणा बिघडतो.

आता त्या चकचकीत पाकिटाकडे वळू. एरवी ते एक पातळ कागद वाटते. खरे पाहता त्यात थरावर थर आहेत. छपाईसाठी एका प्लॅस्टिकचा थर, हवा-उजेड अडवायला अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा किंवा पत्रा, आणि तोंड बंद करायला आतून दुसऱ्या प्लॅस्टिकचा थर, असे एकावर एक डकवलेले असतात. चिवडा कुरकुरीत राहावा म्हणून ही युक्ती फार छान आहे. पण एकदा डकवलेले थर पुन्हा सोडवणे इतके महाग पडते की कोणी करत नाही. अशा पुड्या गोळा केल्या तरी बहुधा सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळतात किंवा डांबराच्या रस्त्यात मिसळतात. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन ह्यांनी प्लॅस्टिक मिसळून रस्ते करण्याची रीत बसवली, त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. उघड्यावर जाळण्यापेक्षा हे शतपटीने बरे. पण भट्टीत जळालेल्या पाकिटाचे पुन्हा पाकीट होत नाही. कंपनीला उद्या नवेच पाकीट करावे लागते. ह्याला विल्हेवाट म्हणा. परत वापरात आले असे म्हणू नका.

सगळ्या जगाचा हिशेबही काही वेगळे सांगत नाही. अमेरिकेतल्या तीन शास्त्रज्ञांनी २०१७ साली एक मोजदाद प्रसिद्ध केली. २०१५ पर्यंत जगात जेवढे प्लॅस्टिक तयार झाले ते ८३० कोटी टन. त्यातले ६३० कोटी टन कचरा होऊन बसले. ह्या कचऱ्यापैकी वितळवून पुन्हा वापरात आले ते शंभरात नऊ टन. बारा टन जाळले गेले. बाकी सारे खड्ड्यात, नदीनाल्यांत, समुद्रात, मातीत. श्रीमंत देशांतले लोक डबे धुऊन, वेगवेगळ्या पेट्यांत टाकतात, ह्याचे आपण कौतुक करतो. त्यांच्या त्या पेट्यांतले बरेचसे जहाजात भरून चीनला जात असे. २०१८ पासून चीनने दार लावले, तेव्हा त्यांच्याकडेही ढीग साचले. वेगळे करण्याची शिस्त त्यांच्यात होती, घेणारा नव्हता.

ही आकडेवारी ऐकून ‘मग वेगळे तरी कशाला करा’ असे म्हणू नका. भंगारवाल्याला जे चालते ते त्याच्याकडे स्वच्छ, कोरडे गेलेच पाहिजे. ते गोळा करण्यावर हजारो माणसांचे पोट आहे. १९९३ साली पुण्यात कचरावेचकांनी आपली संघटना उभारली, तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. पहाटे उठून लोकांच्या केरात हात घालणाऱ्या ह्या बहुतेक बायकाच. खरकट्यात बरबटलेला कागद त्यांना विकता येत नाही. फुटकी काच केरात तशीच टाकली तर त्यांचा हात कापतो. काच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर खूण करायला आपले काय जाते? मला सांगायचे आहे ते एवढेच, की वेगळे करणे ही शेवटची पायरी आहे. आपण तिलाच पहिली पायरी समजून बसलो आहोत. भाव नसलेली वस्तू एकदा उंबऱ्याच्या आत आली की तिचा निकाल लावण्याचा चांगला मार्ग उरत नाही. म्हणजे विचार करायचा तो दुकानाच्या फळीपाशी. केराच्या डब्यापाशी फार उशीर झालेला असतो.

आपल्या भाषेनेही इथे थोडा घोटाळा केला आहे. वस्तू मोडून, वितळवून दुसरी करणे ह्यालाही आपण पुनर्वापर म्हणतो, आणि तीच वस्तू धुऊन पुसून पुन्हा वापरणे ह्यालाही पुनर्वापरच म्हणतो. दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सोड्याची काचेची बाटली परत जाऊन, धुऊन पुन्हा भरून येत असे. लोणच्याची बरणी तीन पिढ्या चालते. तिला भट्टीत जावे लागत नाही, घाणा लागत नाही, भाव लागत नाही. आपले आजे-पणजे ह्या बाबतीत गुरू होते. त्यांना फार अक्कल होती म्हणून म्हणा, की वस्तू मिळतच नव्हत्या म्हणून म्हणा, माझ्या मते दोन्ही. फाटके लुगडे आधी दुपटे होई, मग गोधडीत जाई, मग पोतेरे होई. बोहारीण दारावर येऊन जुन्या कपड्यांवर भांडी देई. ते कपडे दुरुस्त होऊन पुन्हा कोणाच्या तरी अंगावर चढत. आज बोहारणीलाही पूर्वीसारखे गिऱ्हाईक नाही आणि कापडही बदलले. सूत आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेले कापड घाम टिपत नाही, धड कुजतही नाही, आणि दोन्ही धागे वेगळे काढणे त्या पाकिटाच्या थरांइतकेच अवघड. म्हणून दोन स्वस्त कपड्यांऐवजी एक चांगला सुती घ्या आणि तो फाटला की गोधडी शिवायची लाज बाळगू नका.

सरकारने काही केले नाही असे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि गटारे तुंबण्यात पिशव्यांचा हात किती होता हे लोकांनी पाहिले. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने पिशव्या, थर्माकोलची ताटे-वाट्या वगैरेंवर बंदीचा हुकूम काढला. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे चमचे, नळ्या, पेले अशा एकदाच वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली. पिशवी जाड असावी, असाही नियम झाला. त्यामागचा विचार साधा आहे: पातळ पिशव्यांचा एक किलो भरायला शेकड्यांनी पिशव्या वेचाव्या लागतात, तेवढ्यासाठी कोणी वाकत नाही. पण आठवड्याच्या बाजारात भाजीवाल्याकडे उभे राहून पाहा. त्याने पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानी जाते. हुकूम कागदावर राहतो तो असा. ह्यात मी भाजीवाल्याला दोष देत नाही.

पुडीबद्दलही तसेच. दोन रुपयांची शांपूची पुडी घेणारी बाई उधळी नसते. जिच्या हाती रोजची मजुरी रोज पडते, तिने महिन्याची बाटली घ्यायला पैसे आणायचे कुठून? ज्यांनी पुडी काढली त्यांनी ती परत घेण्याची सोय करावी, असे २०१६ च्या केंद्राच्या नियमांत आहेच आणि त्यासाठी ओरड केलीच पाहिजे. पण तोवर एक करता येईल. गावात बचत गट आहेत. गटाने शांपूची, भांडी घासायच्या साबणाची मोठी बाटली किंवा डबा आणावा आणि प्रत्येकीने आपली रिकामी बाटली घेऊन हवे तेवढे भरून न्यावे. पुडीपेक्षा स्वस्त पडेल, वर गटाला चार पैसे सुटतील. खाण्याच्या तेलाचे मात्र असे करू नका. भेसळीच्या भीतीने सुटे तेल विकण्यावर कायद्याचे बंधन आहे. तेलाच्या पिशव्यांऐवजी मोठा पत्र्याचा डबा दोन घरांनी मिळून घ्यावा. डबा रिकामा झाला की धान्याला होतो आणि शेवटी भंगारात त्याला भाव येतो.

पुन्हा वापरण्यालाही एक सक्त अपवाद आहे. कीटकनाशकाची बाटली, कितीही चांगली, कितीही घट्ट झाकणाची असो, ती घरात यायची नाही. तेल, रॉकेल, पाणी, काहीच तिच्यात भरायचे नाही. फवारणीच्या वेळी ती तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, मग तिला भोके पाडून ठेवावी म्हणजे कोणाला मोह होणार नाही.

लग्नकार्याकडे वळू, कारण गावात एका दिवसात सगळ्यात जास्त कचरा होतो तो तिथे. पळसाच्या पानांची पत्रावळ गुरे खात, उरलेली उकिरड्यावर कुजत असे. आता चंदेरी मुलामा दिलेल्या पत्रावळी आल्या, त्या ना गुरांच्या, ना मातीच्या. चहाचा कागदी पेला कागदाचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आतून त्याला प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो, नाहीतर चहा झिरपला असता. आणि माणशी एक पाण्याची बाटली द्यायची ही नवी ऐट. पाचशे पानांचे जेवण म्हणजे पाचशे बाटल्या, निम्म्या अर्ध्या भरलेल्या. पूर्वी गावच्या देवळाची भांडी असत. कोणाच्याही घरी कार्य निघाले की पातेली, घंगाळी, ताटे तिथून येत आणि घासून परत जात. आज ग्रामपंचायतीने किंवा बचत गटाने पाचशे स्टीलची ताटे-पेले घेऊन भाड्याने दिले तर दोन-तीन लग्नसराया उलटेपर्यंत पैसे वसूल होतील. भांडी घासायला माणसे लागतील हे खरे. त्यांना मजुरी द्या. ती बाटल्यांच्या बिलातून सुटेल.

घरच्या केरात वजनाने अर्ध्याहून अधिक भाग ओल्याचा असतो. देठे, साले, चहाचा चोथा, खरकटे. ह्यालाच खरा पुनर्जन्म आहे, आणि तो फुकट आहे. अट एकच, त्यात पाकीट पडता कामा नये. घरात दोन डबे असले की निम्मे काम झाले. उकिरडा पुन्हा शुद्ध करायचा असेल तर नाडेपचे टाके बांधा. ही रीत आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे ह्यांनी बसवली, ना. दे. पां. ह्या त्यांच्या आद्याक्षरांचे इंग्रजीतून ‘नाडेप’ झाले. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी खिडक्यांसारखी छिद्रे. आत काडीकचरा, शेणकाला आणि माती ह्यांचे थरावर थर, वरून शेणमातीने लिंपण. तीन-चार महिन्यांत खत होते आणि शेण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी लागते. ज्याला अंगणही नाही त्याने जुन्या माठाला भोके पाडावीत; ओले टाकले की वर मूठभर वाळका पाला टाकावा. वास येऊ लागला तर समजा ओले जास्त झाले, आणखी पाला घाला.

आता थोड्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पिशवीपासून तोडू नका, चिकटलेला राहू द्या. पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो; तो नखाएवढा तुकडा कोणीच उचलत नाही आणि घरोघरचे तुकडे मिळून गटारात ढीग होतो. प्लॅस्टिक चुलीत किंवा बंबात जाळू नका. त्याचा धूर, विशेषतः पीव्हीसीचा, विषारी असतो आणि तो पहिल्यांदा फुंकणी हातात असलेल्या बाईच्याच छातीत जातो. खेळण्यातले सेल, गेलेले बल्ब, ट्यूब वेगळ्या डब्यात ठेवा. भाव नसलेली पाकिटे उकिरड्यावर किंवा ओढ्यात न टाकता एका पोत्यात भरून ठेवा आणि पंचायतीच्या गाडीला द्या. तिच्याकडेही त्यावर फारसा इलाज नाही, हे वर सांगितलेच. पण पोते महिन्याच्या शेवटी किती भरले ते घरातल्या सगळ्यांना दिसते, त्याचा उपयोग होतो. आणि गावची गाडी तो केर कुठे नेते, हे ग्रामसभेत विचारायला कचरू नका. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ह्या गावांच्या हद्दीत पडत राहिला, तिथल्या विहिरी नासल्या, लोकांना रस्त्यावर यावे लागले. आपल्या गायरानात तसा छोटा ढीग आजच लागलेला असेल तर तो छोटा आहे तोवरच विचारलेले बरे.

शेवटी शिक्षकांना एक काम सांगतो. जून महिन्यात शाळेच्या आवारात हातभर खोल खड्डा मुलांकडून खणून घ्या. एका सुतळीला केळीची साल, वहीचा कागद, सुती चिंधी आणि पळसाचे पान बांधा. नायलॉनच्या दोरीला चकचकीत पाकीट, दुधाची पिशवी आणि कागदी पेला बांधा. दोन्ही पुरून माती लोटा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की खणून पाहा आणि काय उरले, काय गेले, पाकिटावरची अक्षरे वाचता येतात का, हे मुलांच्या हातूनच फळ्यावर लिहून घ्या. सुतळीही सापडेल की नाही, ह्यावर आधी मुलांना पैज लावू द्या. खड्ड्याच्या जागी खुणेचा एक पक्का दगड मात्र रोवून ठेवा, पावसाळ्यात गवत असे माजते की नेमकी जागा हुडकताना अर्धा तास जातो.